भिंतीवर भिंत

नाही, पण मी काय म्हणतो, भिंतीवर भिंतीचा फोटो लावला तर कुणाचं काय जातं? लोक फुलांचे लावतात, धबधब्यांचे लावतात, ज्यांच्या सात पिढ्यांत कुणी घोड्यावर बसलं नाही ते पळते घोडे लावतात, तेव्हा कुणी विचारत नाही की बाबा रे, तुझ्या बैठकीत घोडा कशाला? आणि मी एक भिंतीचा फोटो घेतला, एकच, तोही स्वतःच्या कमाईचा, तर घरापासून दुकानापर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच... केवढ्याला पडला? केवढ्याला पडला! किंमत मी सांगणार नाही, आधीच सांगून ठेवतो. आईला सांगितली नाही, तुम्हाला काय सांगणार! एवढंच सांगतो की वस्तू अस्सल आहे. आणि अस्सल म्हणजे अस्सल!

आता मी हे एवढं धडाधड बोलतोय त्यावर जाऊ नका. मी बोलत नाही. दुकानात मला घुम्या म्हणतात. फ्रेमचं दुकान आहे आमचं, म्हणजे मालकांचं, माझा त्यात फक्त घाम आहे. नववीत शाळा सुटली, शाळेनं मला सोडलं की मी शाळेला यावर घरात अजून एकमत नाही, आणि तेव्हापासून नऊ वर्षं मी पट्ट्या कापतोय, काच कापतोय, पुठ्ठा कापतोय. दिवसभरात माझं बोलणं होतं ते मोजपट्टीशी. गिऱ्हाईक आलं की मी मागच्या टेबलाशी वाकतो, आणि ते जाईपर्यंत माझं काहीतरी टेबलाखाली पडलेलं असतं, ते शोधत बसतो.

पण डोळे आहेत ना मला? नऊ वर्षांत किती चित्रं या हातांखालून गेली! आणि त्यातले निम्मे घोडे. तेच सात घोडे, तेच पाणी उडतंय, तोच मावळता सूर्य. मालक म्हणतात, "घोड्यावर आपलं घर चालतं, घुम्या, घोड्याला नावं ठेवू नकोस." मी कुठं ठेवली? मी फक्त म्हटलं की डावीकडून तिसऱ्या घोड्याला पाच पाय आहेत. गिऱ्हाईकासमोर म्हटलं, ते चुकलं.

मग गेल्या वर्षी दातांचे डॉक्टर आले. आमच्याच रस्त्यावर त्यांचा दवाखाना. काखेत एक नळकांडं, सोबत पांढरे हातमोजे. म्हणाले, "हे मोज्यांशिवाय धरायचं नाही." मालकांनी मोजे माझ्याकडे फेकले. मी उलगडलं, तर काळापांढरा फोटो, एका रिकाम्या बाकाचा. बस, बाक. पण तुम्हाला सांगतो, तो काळा! आमच्या घोड्यांचा काळा म्हणजे तव्याचं बूड, एकच थर. या काळ्यात माणूस आत शिरतो हो! बाकाखाली अंधार, अंधारात गवत, गवतात बाटलीचं एक झाकण. ते झाकण मी बघितलं आणि संपलो. खाली पांढऱ्या कडेवर पेन्सिलीनं बारीकसं लिहिलेलं, तीनवर दहा, आणि सही. मी कधी नव्हे ते तोंड उघडलं, विचारलं, "हे काय?" डॉक्टर म्हणाले, "दहाच प्रती काढल्या, त्यातली ही तिसरी. अकरावी निघणार नाही. स्वतः काढून, स्वतः बघून, स्वतः सही केलेली. याला अस्सल म्हणतात."

झालं! त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. म्हटलं, आयुष्यभर दुसऱ्यांच्या चित्रांना चौकटी केल्या, एक आपलं चित्र असावं. एकच असावं, पण अस्सल असावं!

आता अस्सल शोधायचं कुठं? मोबाइलवर. तिथं काय, अस्सलचा नुसता बाजार! पहिल्याच ठिकाणी लाल अक्षरात... "फक्त एक शिल्लक, त्वरा करा!" मी घाबरून त्वरा करणार होतो, पण मला त्वरा जमत नाही. अकरा दिवसांनी बघितलं, ती एक आपली अजून शिल्लक. मी म्हटलं, बाई गं, एवढी अस्सल असून तुला कुणी नेत कसं नाही? दुसऱ्या ठिकाणी प्रत्येक फोटोवर सही. वा! मी बोटांनी ताणून ताणून मोठी केली. होडीवर सही, म्हाताऱ्यावर सही, मांजरावर सही, आणि तिन्ही सह्यांच्या शेपटाला त्याच जागी तोच ठिपका. अहो, माणूस दोनदा सारखी सही करूच शकत नाही! बँकेला विचारा. माझ्या दोन सह्या जुळत नाहीत म्हणून तिनं मला तीनदा घरी पाठवलंय. ही सही छापील होती!

तरी म्हटलं, विचारून बघू. लिहायला मी घाबरत नाही, समोर माणूस नसतो ना. लिहिलं, "सही पेन्सिलीची आहे का?" उत्तर आलं, "नमस्कार! हे चित्र सात आकारांत उपलब्ध आहे!" मी लिहिलं, "आकार नको, सही हातानं केलीय का?" उत्तर आलं, "आजच मागवा, सोबत अस्सलपणाचं सोनेरी प्रमाणपत्र आणि चहाचा मग मोफत!" सोनेरी प्रमाणपत्र! म्हणजे मगाला जेवढी अक्कल तेवढीच त्या कागदाला.

असे चार महिने गेले, आणि मग सापडल्या फोटोवाल्या बाई. स्वतःची छोटीशी वेबसाइट, मोजून बाराच फोटो, सवलत नाही, चहाचा मग नाही, काही नाही. आणि त्यात तो होता. एका रिकाम्या खोलीची भिंत. मधोमध एक चौकोन, आजूबाजूपेक्षा उजळ. म्हणजे तिथं वर्षानुवर्षं काहीतरी टांगलेलं होतं आणि कुणीतरी ते काढून नेलं. वर एक खिळा, किंचित खाली वाकलेला. संपलं. बाकी काही नाही. आणि तुम्हाला सांगतो, मी मोबाइल नाकाशी धरून बघत बसलो. नऊ वर्षं मी चौकटी करतोय, आणि चौकट गेल्यावर मागं काय राहतं ते मला कुणी दाखवलंच नव्हतं! त्या खिळ्याकडे बघून मी सांगू शकत होतो काय टांगलं होतं. पावणेचार किलो, काचेसकट. आणि टांगणारा डावखुरा.

बाईंना मी चौदा प्रश्न विचारले. कागद सुती का? शाई किती वर्षं टिकेल? सही कुठल्या पेन्सिलीनं? बाईंनी लिहिलं, "कडक शिशाच्या. आणि दाबून करते. लहानपणी दाबून लिहिते म्हणून हातावर पट्टी बसायची, तरी सवय गेली नाही. पेन्सिलीचं विचारणारे तुम्ही पहिलेच." मग विचारलं, "सोबत प्रमाणपत्र पाठवू का?" आणि इथं, तुम्हाला सांगतो, इथं माझ्या अंगात आलं. मी लिहिलं, "नको. ज्याला डोळे आहेत त्याला कागद कशाला?" स्वतःवर एवढा खूश झालो की ते वाक्य चारदा वाचलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे!

आठवड्यानं नळकांडं आलं. आईनं, दादानं, दोघांनी घेराव घातला. मी मोजे घातले. आई म्हणाली, "अगं बाई, ऑपरेशन आहे का?" मी उलगडलं.

"कोरं पाठवलंय रे," आई.

"कोरं नाही आई. भिंत आहे."

"कुणाची?"

"कुणाची म्हणजे?"

"कुणाच्या घरातली? एवढं घर आहे तर रंग द्यायला काय होतं त्यांना?"

दादा लिफ्ट दुरुस्त करतो, त्यामुळे त्याला कुठलीही गोष्ट वर चाललीय की खाली एवढंच कळतं. तो म्हणाला, "म्हणजे ती बाई कॅमेरा घेऊन पोचेपर्यंत चित्र कुणीतरी नेलं होतं?" मी म्हटलं, "तेच तर चित्र आहे दादा." तो म्हणाला, "काय ते?" मी म्हटलं, "नाही ते." यावर त्यानं माझ्याकडे असं बघितलं, की मधल्या मजल्यावर अडकलेल्या माणसाकडे तो तसंच बघत असणार. "केवढ्याला पडला?" मी मोजे सारखे केले. "भिंती आपल्याकडे चार आहेत. फुकट!" पण मी खालची कडा दाखवली. पेन्सिलीनं सातवर पंचवीस, आणि सही. म्हटलं, "हसा. हसून घ्या. अस्सल म्हणजे अस्सल!"

दुसऱ्या दिवशी दुकानात मालक. त्यांनी फोटो बघितला, अंगठा जिभेला लावला आणि... मी हात धरला हो त्यांचा! नऊ वर्षांत पहिल्यांदा मालकांचा हात धरला, तोही थुंकीसकट! "चोळून बघतो ना, उतरतो का," म्हणाले. "छापखान्याचा माल आहे हा, घुम्या. शंभर टक्के. असल्या सह्याबिह्या मशीन मारतं. तुला मामा बनवलं!"

तर नेमके तेव्हाच दातांचे डॉक्टर आत आले. म्हणाले, "मालक, बारा फोटो आलेत. सगळे अस्सल. फ्रेम करायचेत, पण ज्याला त्यातलं कळतं असाच माणूस हवा. नाहीतर बाहेरगावी पाठवतो." मालक हात चोळत म्हणाले, "खरं सांगायचं तर डॉक्टर, एवढ्या नाजूक कामाचा माणूस काही आमच्याकडे..."

"आहे," कुणीतरी म्हणालं.

मी वळून बघितलं कोण बोललं ते. कुणीच नव्हतं. मीच होतो!

डॉक्टर म्हणाले, "बरं, शनिवारी येतो. तुझं एखादं काम दाखव." ते गेले. मालकांनी माझ्याकडे वळून विचारलं, "काय दाखवणार? घोडा?" मी म्हटलं, "माझा फोटो." मालक म्हणाले, "ती भिंत? ठीक. पण छापील निघाली ना, तर डॉक्टरांची बारा चित्रं जातील, आणि त्यांच्यामागून तूही जाशील. कळलं?"

कळलं. मला सगळं कळतं, बोलता येत नाही एवढंच.

शुक्रवारी दुपारी बसलो. असं काम मी जन्मात केलं नव्हतं. काळी अरुंद पट्टी, कोपरे असे जुळवले की मधून केस जाणार नाही. पांढरा पुठ्ठा, त्याची खिडकी अशी कापली की सहीची कडा बरोबर दिसेल. कापण्यासाठी पेन्सिलीच्या खुणा करतात, त्याही किती फिक्या केल्या! आणि हात काम करत होते तेव्हा मी मनात शनिवारचं भाषण बसवत होतो. समोरासमोर बोलायचं ना! "नमस्कार डॉक्टर. हा फोटो अस्सल आहे. कारण एक..." नको, परीक्षेसारखं वाटतं, त्यात मी नववी नापास. "डॉक्टरसाहेब, तुम्हाला ठाऊकच आहे..." नको, आगाऊपणा.

आता आमच्या धंद्यातला एक नियम ऐका. पहिल्याच दिवशी मालकांनी डोक्यात टपली मारून शिकवलेला. काच बसवण्याआधी शेवटचं काम, रबर घ्यायचं आणि पेन्सिलीची प्रत्येक रेघ खोडायची. एक रेघ गिऱ्हाईकाच्या नजरेस पडली की एक टपली. पहिल्या वर्षी माझं डोकं एवढं वाजलं की आता पेन्सिल दिसली की हात आपोआप जातो. मला विचारतही नाही. नऊ वर्षं! उजव्या कोपऱ्यातली खूण खोडली, डाव्या कोपऱ्यातली खोडली, वरची खोडली. "डॉक्टर, एका वाक्यात सांगायचं तर..." हां, हे बरंय, भारदस्त आहे! "एका वाक्यात सांगायचं तर, या फोटोचा अस्सलपणा..." खालची खोडली, "...या फोटोचा अस्सलपणा त्याच्या सहीत..." फुंकर मारली, चुरा उडवला...

चुरा जरा जास्तच होता.

मी खाली बघितलं. कडा पांढरी. स्वच्छ. सातही नाही, पंचवीसही नाही, बाई तर नाहीतच नाहीत. आणि एवढं सफाईनं खोडलेलं, की तुम्हाला सांगतो, त्या भीतीतही मनात आलं, वा! काय हात आहे!

मग बसलो खाली. टेबलाखालीच बसलो, ती जागा माझ्या ओळखीची. मालक डोकावले. "काय शोधतोयस?" मी म्हटलं, "सही." आणि सांगून टाकलं. मालक आधी हसले नाहीत. आधी त्यांनी डोक्याला हात लावला, स्वतःच्या, मग माझ्या, आणि मग जे हसायला लागले ते दुकान बंद होईपर्यंत. "नऊ वर्षांत एकदा शिकवलेलं विसरायचं होतं रे, एकदा!"

आता पळून जावं की नाही? दादा म्हणाला, "सांग आजारी आहे." आई म्हणाली, "त्या मालकांनीच लावली ही पुसायची सवय तुला. आता तूच कर की रे सही, पेन्सिल आहे ना तुझ्याकडे?" आई! म्हणजे ज्यासाठी एवढं केलं, तिथंच नकली करू? माझं डोकं फिरलं. म्हटलं, सही नसेल तर नसेल, पण खोटी येणार नाही. जाईन, समोर उभा राहीन, आणि जे झालं ते सांगेन. अस्सल म्हणजे अस्सल!

शनिवारी डॉक्टर आले. मी फोटो पुढं केला, काच न बसवलेला. भाषण गेलं उडत. डॉक्टरांनी बघितलं, खूप वेळ बघितलं, खिळ्यापाशी थांबले. मग म्हणाले, "सुंदर. सही कुठंय?"

मालक तोंडावर रुमाल धरून उभे.

"मी खोडली," मी म्हटलं.

"काय केलंस?"

"खोडली. सवयीनं. रबरानं." आणि मग, तुम्हाला सांगतो, नऊ वर्षांचं सगळं एकदम बाहेर आलं. म्हटलं, "पण डॉक्टर, खोडली गेली ना? छापील असती तर गेली असती? त्या मालकांच्या घोड्यावरची सही घ्या, घासा, घोडा जाईल पण सही जाणार नाही! ही गेली, कारण ही बाईंनी स्वतःच्या हातानं केली होती, कडक शिशाच्या पेन्सिलीनं, दाबून, आणि दाबून केली म्हणजे शिसं गेलं तरी..."

आणि मी थांबलो. कारण तोंडातून निघेपर्यंत मलाही सुचलं नव्हतं!

डॉक्टरांनी खिशातून ती बारीक बॅटरी काढली, दाढा बघायची. फोटो काउंटरवर आडवा ठेवला, कडेला गाल टेकला, बाजूनं उजेड मारला. एक डोळा मिटला. दुकानातले घोडेसुद्धा पळायचे थांबले.

"सात..." डॉक्टर म्हणाले. "वर... पंचवीस. हं. आणि सही. आहे! वरचं गेलंय, पण मूळ शाबूत आहे."

मग मालकांनी गाल टेकला. मग मी टेकला. कागदात बारीकशी खाच, तिरप्या उजेडात अशी चमकत होती... बाई, त्या पट्ट्या खाल्ल्यात ना तुम्ही हातावर, त्यातली एकही वाया गेली नाही!

डॉक्टर म्हणाले, "बाराही फोटो हाच करेल. लपवून माझ्यासमोर आणला असता तर दिले नसते." आणि मालकांकडे वळून म्हणाले, "फक्त रबर तुमच्या खिशात ठेवा." तेव्हापासून रबर मालकांच्या खिशात आहे. मला हवं तर मागावं लागतं, आणि मालक विचारतात, "कशासाठी? दाखव आधी."

तर फोटो घेऊन रुबाबात घरी आलो. म्हटलं, बैठकीत, आरशाच्या जागी लावणार. आरसा आमचा जुना, मी शाळेत जायचो तेव्हापासूनचा. दादानं तो उचलून खाली ठेवला, आणि आम्ही तिघं आ वासून बघत राहिलो.

भिंतीवर चौकोन. आजूबाजूपेक्षा उजळ. वर एक खिळा, किंचित वाकलेला.

आईनं फोटोकडे बघितलं. भिंतीकडे बघितलं. परत फोटोकडे. "अरे," म्हणाली, "हे तर आपल्याकडे होतंच!"

दादाला तर काय, आकाश ठेंगणं झालं. माझ्याच कानावरची पेन्सिल काढली, चौकोनाखाली भिंतीवर लिहिलं, एकवर एक. "पंचवीस नाहीत, एकच प्रत! चल, सही कर." मीही म्हटलं, करतो! घाबरतो की काय? दाबून केली, कडक शिशानं, आयुष्यातली सगळ्यात चांगली सही केली. आणि बाईंचा फोटो समोरच्या भिंतीवर लावला. बसा म्हटलं आता एकमेकींकडे बघत. आई आल्यागेल्याला दोन्ही दाखवते. लोक विचारतात, "केवढ्याला पडला?" आई ऐटीत म्हणते, "तो सांगत नाही. पण अस्सल आहे."

आणि काल सकाळी मी उठून बघतो तर काय, भिंतीवरचं एकवर एक गायब. सहीही गायब. आई ओलं फडकं पिळत उभी.

"आई! सही कुठंय?"

"कुठली सही? भिंतीवर कुणीतरी रेघोट्या मारल्या होत्या, पुसून टाकल्या."

मी धावत बॅटरी आणली. गाल टेकला भिंतीला, बाजूनं बॅटरी मारली. खाच आहे. दादा मागून म्हणाला, "आई, तू उगाच मालकांना दोष देत होतीस. ही सवय याला दुकानात लागलेली नाही."